दुसऱ्या रांगेतलं हसू

६ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण साधं आहे. राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारानं मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय आणि माझ्या पोटात काही राहत नाही. वहीला सांगितलेलं चालत असावं.

झालं असं की, गेली कित्येक वर्षं मी शनिवार संध्याकाळच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहितो. कुणीतरी बडा पाहुणा येतो, आमचा निवेदक त्याची फिरकी घेतो, पाहुणा उलट टोला हाणतो, लोक म्हणतात काय हजरजबाबी माणूस आहे! तो टोला मी बुधवारीच लिहून दिलेला असतो. आज मला थेट राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की अध्यक्षबाई हसल्या तर त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर होईल. मला वाटलं, आता कान उपटणार.

कान उपटले नाहीत, कॉफी दिली. सल्लागार माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहे. दोन फोन टेबलावर उताणे ठेवून बोलतो आणि तुमच्याकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघतो. म्हणाला, "लेखकमहाशय, लोक मॅडमना मानतात, पण त्या लोकांना आवडत नाहीत. निवडणूक तोंडावर आलीय. त्या तुमच्या कार्यक्रमात येणार आहेत. माणूस वाटल्या पाहिजेत."

"त्या माणूस आहेतच ना?"

"आहेत हो. पण तसं दिसायला नको?"

हा विनोद मी लिहिला असता तर त्याचे पैसे मिळाले असते.

९ फेब्रुवारी

पहिली तालीम. मागच्या बाजूची बैठकीची खोली, लांबलचक टेबल, भिंतीला लागून रिकाम्या खुर्च्या आणि मध्ये आम्ही तिघं. बाईंनी विनोद वाचला आणि वाचल्यावर समजावून सांगितला. "म्हणजे इथे मुद्दा असा की..." विनोदाचा जागच्या जागी मुडदा पडला. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळीआधी त्या स्वतःच हसल्या, तेही एखाद्या इमारतीचं उद्घाटन करावं तशा. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद खाली ठेवला.

"एक विचारू? लोकांनी मला हसवायला निवडून दिलंय का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. पण घाबरवायलाही नाही दिलेलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बारीक अंगाची, साठीची बाई. टीव्हीवर दिसते त्यापेक्षा खूप दमलेली.

"आणि मी तिथे खिदळत बसले, आणि नेमकं तेव्हाच कुठे काही झालं तर?"

"कुठे ना कुठे रोजच काहीतरी होत असतं. मग कुणी कधी हसायचंच नाही?"

सल्लागार खूश झाला. मीही झालो. उत्तर बिनतोड होतं. घरी येताना दोनदा मनातल्या मनात घोळवलं.

१५ फेब्रुवारी

रविवार, म्हणजे ताईकडे जेवण. माझं लग्न मोडलं तेव्हापासूनचा हा शिरस्ता. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. माझे मोजे धुण्यापासून माझ्या मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. अजूनही मला बारक्या म्हणते. मला पन्नाशी उलटून चार वर्षं झाली.

गुपित सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. वहीनं भागलं नाही. ताईनं हातातला डाव आमटीसकट वर उचलला. "आपल्या बाई? तुझ्या कार्यक्रमात? आणि तू शिकवणार?" ताई बाईंची भक्त आहे. टीव्हीवर बाईंचं भाषण लागलं की पंखासुद्धा बारीक करते, आवाज नको म्हणून.

मग उंदऱ्याचा फोन आला. उंदऱ्या म्हणजे माझा भाचा, ताईचा एकुलता एक. लहानपणी चमचा घेऊन अंगणात बिळं पाडायचा, म्हणून मेहुण्यांनी हे नाव ठेवलं. आता मेहुणे नाहीत, आणि उंदऱ्या डोंगरातल्या रेल्वेच्या नव्या बोगद्यावर इंजिनिअर आहे, इथून रात्रभराच्या वाटेवर. रोज या वेळेला फोन करतो. ताईनं त्याला लगेच सगळं सांगून टाकलं. पोटात न राहणं हे आमच्या घराण्यातच आहे.

"मामा, आमच्या बोगद्यावर काही लिहिलंस की नाही?"

"सुचव."

त्यानं जरा विचार केला. "बाईंनी म्हणायचं, विरोधक म्हणतात माझ्या कारभारात पुढचं काही दिसत नाही. अहो, बोगदा खणतेय मी, दिसेल कसं?"

ताई हसली. ताई हसते तेव्हा आधी आवाजच येत नाही, नुसते खांदे हलतात, आणि मग एकदम किंचाळल्यासारखी फुटते. लहानपणी मी तिच्याबरोबर सिनेमाला जायला लाजायचो. सगळं थिएटर मागे वळून बघायचं. फोनमधून उंदऱ्याही हसायला लागला, विनोदाला नव्हे, आईच्या हसण्याला. विनोद मी घेतला. सगळ्यात शेवटी ठेवणार.

२० फेब्रुवारी

आज युक्ती सापडली. तालमीच्या मध्येच चहा घेऊन येणारी बाई आत आली, आणि अध्यक्षबाईंनी सहज, कागद न बघता, तिला तो सुट्टीवाला विनोद सांगितला. माझाच, त्यांच्यावरचा! चहावाली पदर तोंडाला लावून हसली. विनोद जसा सांगायला हवा तसाच सांगितला होता, थांबायचं तिथे थांबून.

"मॅडम, हे कसं जमलं?"

"एकाच माणसाला सांगत होते ना," त्या म्हणाल्या. "पाचशे माणसं दिसली की माझं भाषण सुरू होतं."

मग ठरलं. प्रेक्षकांत एकच चेहरा पक्का करायचा, हमखास हसणारा, आणि सगळं त्याच्याकडे बघून बोलायचं. हमखास हसणारा माणूस माझ्या घरातच आहे. दुसरी रांग, मधली खुर्ची, दिव्यांच्या उजेडात.

२६ फेब्रुवारी

ताईला तालमीला नेलं. केस रंगवून आली. पहिल्या विनोदाला फुटली तशी बाहेरचा पहारेकरी दार उघडून आत बघून गेला. त्यानंतर बाई मोकळ्याच झाल्या. तासाभरात दोघी मैत्रिणींसारख्या बोलत होत्या. बाईंनी मुलाबाळांची चौकशी केली. "एकच आहे. तुमच्या बोगद्यावर असतो," ताई म्हणाली, जणू बोगदा बाईंनी घराच्या मागच्या बाजूला काढलाय. बाई म्हणाल्या, "मग उद्घाटनाला तुम्ही माझ्या शेजारी बसायचं." परत येताना गाडीत ताई उद्घाटनाला कुठली साडी नेसायची तेच ठरवत होती. इतका आनंद तिला मेहुणे गेल्यापासून झाला नसेल.

७ मार्च

कार्यक्रम आत्ताच संपला. मी रंगपटात एका कोपऱ्यात बसून लिहितोय. ताई बाहेर फोन परत घ्यायच्या रांगेत आहे, आणि ती रांग मारुतीच्या शेपटासारखी आहे, तेव्हा वेळ आहे.

काय सांगू! असा कार्यक्रम झालाच नव्हता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी निवेदकाची टोपी उडवली. सुट्टीवाल्या विनोदाला ताई अशी फुटली की बाईंनाही हसू आवरेना, खरं हसू. थेट प्रक्षेपण, सगळ्या देशानं बघितलं.

रुसवा फक्त एका गोष्टीचा. ऐन वेळी सल्लागार आला आणि बोगद्याचा विनोद काढा म्हणाला. का, तर "आज नको." मी वाद घातला. शेवटचा टोला होता तो, कार्यक्रमाचा कळस! तो दोन्ही फोन एकदम कानाला लावून निघून गेला. आता उंदऱ्याला काय तोंड दाखवू? तिकडे कामगारांना गोळा करून बघत बसला असेल, आत्ता माझा विनोद येईल म्हणून.

बाई आधी फार घाबरल्या होत्या. रंगपटात सल्लागार त्यांच्या कानाशी काहीतरी बोलून गेला, त्यानंतर कागदावरची पहिलीच ओळ परत परत वाचत होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या ताई आल्यात?" मी म्हटलं, आल्यात, जागेवर आहेत, बिनधास्त तिच्याकडे बघा. पण नट असो की अध्यक्ष, पडद्यामागे सगळे सारखेच. पुढे दिव्यात गेल्या आणि सावरल्या. ताईकडे अशा मायेनं बघत होत्या की शिकवूनसुद्धा येणार नाही.

मध्यंतरात एक गंमत. आमच्याकडे प्रेक्षकांचे फोन दारातच कापडी पिशव्यांत घालून जमा करतात, मध्येच कुणाचा वाजू नये म्हणून. ते सांभाळणारी बाई, तिला सगळे फोनवालीच म्हणतात, मला शोधत आत आली. "तुमच्या ताईंचा फोन सारखा थरथरतोय. बोलावू का त्यांना?" मी म्हटलं, "वाजू दे. ती मध्येच उठून गेली तर बाईंची लय जाईल. नंतर बघेल." उंदऱ्याच असणार. आईला टीव्हीवर बघून राहवलं नसेल.

बाहेरून कुणीतरी हाक मारतंय. रांग संपली वाटतं.

१२ मार्च

उंदऱ्या गेला.

लिहायला बसलो की पुढे हात चालत नाही. जेवढं लिहवेल तेवढं लिहितो.

शनिवारी दुपारीच बोगद्याचं छत खाली आलं. आत तिघं अडकले. दोघं जिवंत निघाले. उंदऱ्याच्या कमरेवर दगड होता. मी बाहेर आलो तेव्हा ताई फोन छातीशी धरून उभी होती. फोनवालीनं तिचं मनगट धरलं होतं आणि काहीतरी सांगत होती, आणि ताई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला भोवळ येतेय. मी धावलो. बोगद्याकडे गाडी मीच चालवली. वाटेत तिकडून फोन आला. त्यानंतरही आम्ही तेवढ्याच वेगानं जात राहिलो, हळू करायचं मला सुचलंच नाही.

१५ मार्च

सगळं उरकून परत आलोय. ताईला एकटं ठेवायचं नाही म्हणून तिच्याकडेच राहतो. बाहेरच्या खोलीत झोपतो.

देश पेटलाय. बोगद्यात माणसं अडकलेली आणि राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर हसतायत. दोन चित्रं शेजारी शेजारी लावून सगळीकडे फिरवतायत. आणि मग कुणीतरी ओळखलं की दुसऱ्या रांगेत हसणारी बाई ही त्या मेलेल्या मुलाची आई. तेव्हापासून ताईचं तोंड उघडलेलं, डोळे मिटलेलं हसू घराघरांत पोचलंय. त्याखाली लोक काय काय लिहितात ते मी तिच्यापासून लपवतो. माझ्या फोनवरचं लपवतो, पण तिलाही फोन आहे.

कार्यालयानं पत्रक काढलंय, दुर्घटनेची बातमी कार्यक्रम संपल्यावरच मिळाली. मी वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मग बोगद्याचा विनोद का काढला? आधीच माहीत होतं त्यांना! ताईला जाऊन सगळं सांगितलं, की विनोद काढला होता, म्हणजे त्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी कार्यक्रम केला. ताई शांतपणे ऐकत होती.

"आणखी काही सांगायचंय?" तिनं विचारलं.

"आणखी काय? एवढं कमी आहे का?"

ती उठून आत गेली. फोनचं बोललो नाही. ती वेळ नव्हती. आणि मध्यंतरात फोन घेऊन तरी तिनं काय केलं असतं? एवढ्या लांब पोचली थोडीच असती?

१८ मार्च

सल्लागारानं बोलावलं. मी शिव्या द्यायचं ठरवूनच गेलो. तीच खोली, तेच टेबल. बाई टोकाच्या खुर्चीवर. सल्लागार म्हणाला, मॅडम देशाला उद्देशून बोलणार आहेत, श्रद्धांजली, तुम्ही थोडं बघून द्या, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. "तुमचा हातखंडा आहे."

मला शिवी आठवेना. बाईच उठल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही मला हसवायला शिकवलंत. रडायला मला शिकवणी नको." मग जरा थांबून, "तुमच्या ताई मला भेटतील?"

भाषण रद्द झालं म्हणे. मी घरी येऊन ताईला विचारलं. "येऊ दे," ती म्हणाली.

२१ मार्च

आज बाई आल्या. कॅमेरा नाही, सल्लागार नाही. पहारेकरी जिन्यात थांबले. बाई ताईसमोर लाकडी खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर.

त्यांनी काही झाकलं नाही. "मला रंगपटात सांगितलं. तीन माणसं अडकलीत, काढतायत, निघतील. मी विचारलं, कार्यक्रम थांबवू का? म्हणाले, थांबवलात तर घबराट होईल. मी ऐकलं. मी नाही म्हणू शकत होते. मला कोण अडवणार होतं?"

"माझा मुलगा तिथे असतो, हे तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाली.

"हो. मी नावं विचारली. नावं कळली नाहीत म्हणाले. तिथे चारशे माणसं काम करतात. मी मनाशी म्हटलं, चारशेतला नेमका यांचाच कशाला असेल? आणि तुमच्याकडे बघून बोलत राहिले. सारखं वाटत होतं, या हसतायत तोवर काही झालेलं नाही."

मी पाणी आणून ठेवलं. कुणी प्यायलं नाही.

"मला आवडला होता कार्यक्रम," ताई म्हणाली. "तेच सहन होत नाही मला. खोटं हसले असते तर बरं झालं असतं."

"माझ्याकडेच बघा, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं मग विचारलं. तिला माहीत होतं, तिच्यासमोरच तर तालीम झाली होती. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मलाच हवं होतं," म्हणाल्या.

निघताना त्यांनी ताईचे हात हातात घेतले आणि रडल्या, आवाज न करता. ताईनं त्यांना थोपटलं. राष्ट्राध्यक्षांना! मला राग आला. एवढ्यावर सोडायचं? ताईला तसं म्हटलंही.

"ती आली आणि तिनं सांगितलं," ताई म्हणाली. "तिला अवघड नव्हतं का?"

२५ मार्च

टीव्हीवर रोज एकच चर्चा. राष्ट्राध्यक्षांनी असल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत जावं का? एक म्हणतो, खुर्चीची शान राहत नाही. दुसरा म्हणतो, हसणाऱ्या राज्यकर्त्याची भीती वाटत नाही, आणि ज्याची भीती वाटत नाही त्याला जाब विचारता येतो. हा दुसरा मुद्दा माझा आहे, मी तो वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवलाय. आज ऐकताना तोंड कडू झालं. माणसं तावातावानं बोलत होती आणि पाठीमागे पडद्यावर ताईचं हसू पुन्हा पुन्हा.

ताई कधी येऊन मागे उभी राहिली कळलंच नाही. मी घाईनं बंद करायला गेलो.

"असू दे. काय म्हणतायत?"

"बाईंनी हसायला नको होतं म्हणतायत."

"का नको? हसली म्हणून काय झालं? हसावं की माणसानं. प्रश्न तो नाहीच मुळी."

"मग कुठला?"

"तुला ठाऊक."

मला काही कळलं नाही. दुःखात माणूस तुटक बोलतो. अलीकडे ती माझ्याशी फार बोलत नाही, बारक्या म्हणून हाकही मारत नाही. ताट वाढून ठेवते आणि आत जाते. मी फोनचं सांगणार होतो एकदा, अगदी ओठांवर आलं होतं. मग वाटलं, तिच्या दुःखात आणखी भर कशाला?

२८ मार्च

उंदऱ्याचा मित्र आला. त्याच्याबरोबर काम करणारा, त्याच्याच वयाचा, हाताला पट्टी. उंदऱ्याची बॅग घेऊन आला होता. बॅग ताईनं मांडीवर घेतली आणि उघडली नाही.

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मग बोलायला लागला. दगडांच्या पलीकडे हवेसाठी एक नळी घातली होती. त्या नळीतून आवाज जायचा. उंदऱ्या शेवटपर्यंत बोलत होता. संध्याकाळी म्हणाला, आईला फोन लाव आणि नळीच्या तोंडाशी धर. "मी लावत होतो काकू. उचलला जात नव्हता. पुन्हा लावला. तो विचारायचा, उचलला? मी म्हणायचो, रेंज नाही."

ताईनं डोळे मिटले.

"मग वरच्या ऑफिसच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, याची आई टीव्हीवर दिसतेय. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ऐकव. मी फोनवर कार्यक्रम लावला आणि नळीशी धरला. तुम्ही हसलात. त्यानं ओळखलं लगेच. म्हणाला, हीच आई! आणि तोही हसला. दुखत होतं त्याला, तरी हसला. मी म्हटलं, परत फोन लावतो, कुणालातरी सांगून उठवतो. तर म्हणाला, राहू दे. हसतेय ना? हसू दे तिला."

"मग?"

"मग तो ऐकत राहिला. कार्यक्रम संपला तेव्हा मी हाक मारली. तोपर्यंत..."

ताईनं बॅग बाजूला ठेवली, उठली आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. मी खिडकीशी जाऊन रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडलो.

२९ मार्च

आज झोप लागली. महिन्याभरात लागली नव्हती अशी.

उठल्यावर हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली, पण वहीत खोटं कशाला लिहू? शेवटी त्याला आईचा आवाज मिळाला. तोही कण्हणारा, घाबरलेला नव्हे, हसरा. फोन उचलला असता तर काय झालं असतं? ताईनं हंबरडा फोडला असता आणि तोच त्याच्या कानात राहिला असता. म्हणजे एका परीनं जे झालं ते बरंच झालं. त्यानं स्वतः म्हटलं, राहू दे. आता मी ताईला सांगण्यात अर्थ उरलेला नाही. विषय संपला.

संध्याकाळी ताई म्हणाली, "तू आता तुझ्या घरी जा. मी राहीन." सावरतेय म्हणायची. मी सामान आवरलं.

५ एप्रिल

रविवार. मी ताईकडे जायला चपला घालत होतो, तेवढ्यात तीच दारात. ती माझ्या घरी सहसा येत नाही, तिला माझा पसारा बघवत नाही. आत आली, पण बसली नाही. मी वर्तमानपत्रं उचलून खुर्ची मोकळी केली, चहाचं आधण ठेवलं, आणि तिला बरं वाटावं म्हणून बोलत सुटलो. उंदऱ्याला तुझं हसू ऐकू आलं हे किती बरं झालं, निदान तेवढं तरी, देवानं निदान तेवढं...

"फोनवालीनं मला त्याच दिवशी सांगितलं," ताई म्हणाली.

मी गॅसकडे तोंड करून उभा होतो. तसाच राहिलो.

"रांगेतच सांगितलं. म्हणाली, मध्यंतरात तुमच्या भावाला विचारलं होतं, ते म्हणाले वाजू दे. तेव्हापासून मी तुझ्या तोंडाकडे बघतेय. आज सांगेल, उद्या सांगेल. ती अध्यक्षबाई, परकी, येऊन सांगून गेली. तू शेजारी उभा राहून पाणी देत होतास."

"ताई, मला काय माहीत? मला वाटलं उंदऱ्याच फोन करतोय..."

"तोच करत होता."

आधण उकळून ओट्यावर सांडलं. गॅस तिनंच पुढे होऊन बंद केला, सवयीनं. फडकं घेऊन ओटाही पुसला. मला रडू फुटलं. लहानपणी चोरी सापडल्यावर रडायचो तसा, लाज सोडून.

"चुकलो ग ताई. पण तोच म्हणाला ना, राहू दे. हसू दे म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं..."

ती फडकं पिळून वाळत घालत होती. तिनं ते नीट, दोन्ही टोकं ओढून पसरलं.

"ते त्यानं माझ्यासाठी म्हटलं रे," ती म्हणाली. "ते तू घेऊ नकोस."

आणि गेली. मी दार लावलं नाही. तिचं पाऊल एकेक पायरी खाली जाताना ऐकू येत होतं. मधल्या वळणावर ते थांबलं. मी दारात उभा राहून वाट बघितली. मग पुन्हा सुरू झालं, आणि खालचं दार लागल्याचा आवाज आला.